भित्र्या माणसाचा मदरबोर्ड

२१ डिसेंबर

मशीन गेलं.

सकाळपासून लाइट नव्हती. मी ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसून घाम पुसत होतो. दुपारी अख्ख्या गल्लीत ओरडा झाला, "लाइट आली!" आणि मीही सगळ्यांसारखा आत पळालो. पाण्याची मोटर लावली, भात चढवला, पंखा लावला. या गडबडीत एक गोष्ट विसरलो. कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतच होता. आमच्या काइबारिएनमध्ये, अख्ख्या क्युबातच म्हणा, लंगोटातल्या पोरालाही हे माहीत असतं की लाइट गेली की प्लग काढायचा आणि आली की फ्रिज शांतपणे घुरघुरायला लागेपर्यंत परत लावायचा नाही. पण सकाळी लाइट गेली तेव्हा मी शेजारी कुकाकडे कॉफीला गेलो होतो.

बल्ब आधी पिवळा झाला, मग पांढराफटक झाला. टेबलाखालून 'टप्प' असा आवाज आला आणि जळका वास सुटला. मी घर तसंच टाकून रस्त्यावर पळालो.

कुका ओसरीवरून ओरडली, "आग लागली का रे एवेलिओ?"

"नाही."

"मग पळतोस कशाला?"

मी साठी ओलांडलेला, गावातला नावाजलेला फोटोग्राफर, आणि एका डब्याला भिऊन चपलेविना रस्त्यावर उभा. त्या डब्यात गावातल्या सगळ्या पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाचे फोटो आहेत. भाड्याचे झगे, छत्र्या, समुद्राच्या कठड्यावरची ती ऐट. माझ्या डायामीचेही आहेत, आणि तिच्या मागे उभी राहून हसणारी सोयला. माझ्या बायकोचे हसरे फोटो त्यानंतर निघालेच नाहीत.

संध्याकाळी डायामी संगणक क्लबातून शिकवून आली. तिला दारातच वास आला. तिने बाजूचा पत्रा काढला, आत टॉर्च मारला आणि म्हणाली, "मदरबोर्ड गेला, बाबा. हे बघ, कपॅसिटर कसे फुगलेत."

मी बघितलं नाही. "फोटो गेले?"

"नाही गेले. बोर्ड म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे फडताळ. ओटा फोडून नवा घातला म्हणून फडताळातली बरणी रिकामी होते का?"

"आणि फडताळपण जळालं असेल तर?"

"ते नवीन ओटा घातल्यावर कळेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोर्ड मी मिळवते. बसवायचा तू."

"मी? अगं, मी बल्ब बदलायलासुद्धा शेजारच्याला हाक मारतो!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

या पोरीचं डोकं फिरलंय.

२४ डिसेंबर

बोर्ड मिळाला. स्टेशनापाशी निवाल्दो राहतो, त्याच्याकडे अख्ख्या गावाच्या मशीनचे अवयव असतात. तो पैसे घेत नाही, वस्तू घेतो. डायामीने त्याला काय दिलं? तिची सायकल.

तीच निळी सायकल. कॉलेजपासून ती तिच्यावरून उतरलेली नव्हती. सोयला म्हणायची, हिच्या लग्नात नवरा मागच्या कॅरिअरवर बसेल.

"सायकल दिलीस?" मी विचारलं.

"मी आता कुठे चालवणार आहे?"

चार वर्षांपूर्वी सोयलानेही आधी सायकलच सोडली होती. पुलापर्यंत जायची आणि उतरून धरून चालायची. म्हणायची गुडघा दुखतो. गुडघा कसला, पोटात ते वाढत होतं. ऑपरेशन ठरेपर्यंत तिने मला सांगितलं नाही. उलट त्या महिन्यांत तिला काय झालं कोण जाणे, मला ओट्यापाशी उभं करून काळा राजमा शिजवायला शिकवायला लागली. "हात घाल, एवेलिओ. पाण्यात हात घालून बघ. मी काय आयुष्यभर पुरणार आहे?" मला वाटलं चेष्टा करते.

आज डायामीकडे नीट बघितलं. गळ्याची हाडं दिसतात.

नाताळच्या पोर्कचा वास गल्लीभर आहे. मला घास गिळवत नाही.

२६ डिसेंबर

पहिला धडा झाला. तो इथे लिहून ठेवतो, कारण माझ्या डोक्यात काही राहील असं वाटत नाही.

भिंतीतला प्लग काढायचा. मग मशीनचं बटण दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. ("आत उरलेली?" असं मी ओरडलोच.) मग पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे आपल्या अंगातली वीजही जाते. माझ्या अंगात वीज असते हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

आतमध्ये वायरींचं जंगल आहे. बघूनच माझी बोबडी वळली.

"बाबा, कॅमेरा आण," डायामी म्हणाली. "ज्याला भितोस त्याचा आधी फोटो काढ. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते त्याचा. मग सोड."

फोटो काढताना माझा हात कापत नाही. जवळून, तिरक्या प्रकाशात काढले. एकेक वायर कशी झकास आली! डायामी माझ्याकडे बघून हसत होती.

"काय झालं?"

"काही नाही. हात कामात असला की तुझी भीती बसायला जागा शोधत फिरते."

हे खरं आहे. सोयलाच्या ऑपरेशनच्या दिवशी मला हॉस्पिटलात थांबू देईनात, डायामीने मला घरी आणलं. मी भिंतींना धडका देत फिरत होतो. भात तरी लावावा म्हणून डबा उघडला, तर कुणा मूर्खाने तांदळात सगळा काळा राजमा ओतलेला! संताप संताप झाला. मग बसलो टेबलाशी, एकेक दाणा वेचत. डायामी समोर बसून होती, तिने एक दाणाही उचलला नाही. हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी अजून वेचतच होतो. तो राजमा कुणी ओतला हे आजपर्यंत कळलेलं नाही. माझा संशय कुकावर आहे, तिला तेव्हापासूनच कमी दिसतं.

२८ डिसेंबर

आज कपाट आवरताना डायामीच्या कप्प्यात जाड लोकरीचा स्वेटर सापडला. गळ्यापर्यंत येणारा. काइबारिएनमध्ये! आमच्याकडे जानेवारीतही लोक बनियनवर बसतात. हिला थंडी वाजून येत असणार. सोयलालाही शेवटी वाजायची, मी दोन-दोन चादरी घालायचो.

आणि मग आठवलं, मागच्या वर्षी एकदा जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "बाबा, आईचे आजोबा नक्की कुठल्या गावचे? कुठल्या साली जन्मले?"

"स्पेनमधले, आस्तुरियासचे. साल मला काय ठाऊक? का गं?"

"असंच."

असंच कसलं! हे डॉक्टर विचारतात. सोयलालाही विचारलं होतं, घराण्यात कुणाला होतं, कुणाकडून आलं. आणि नाताळाच्या आधी दोन दिवस हवानाला जाऊन आली. म्हणाली क्लबाचं काम. क्लबाचं काम असतं तर येताना डोळे सुजलेले का होते?

मी विचारत नाही. विचारलं तर ती सांगेल. सांगितलं की ते खरं होईल.

१ जानेवारी

काल वर्ष संपलं. दरवर्षीप्रमाणे बारा वाजता लोकांनी दारातून बादलीभर पाणी फेकलं, आणि ज्यांना देशाबाहेर जायचंय ते सगळे रिकाम्या सुटकेसा ओढत गल्लीला फेरी मारायला निघाले. चाकांचा काय तो खडखडाट! डायामीने कॉलेजपासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. सोयला असताना मायलेकी एका सुटकेसला दोन्हीकडून धरून निघायच्या आणि हसत परत यायच्या. मला त्या चाकांच्या आवाजाचीही धास्ती वाटायची.

यंदा डायामी पायरीवर बसून राहिली. मी आपला सुटकेस घेऊन आलो. भीती वाटते म्हणून काय पोरीची हौस मोडायची?

"ऊठ. सगळे निघाले."

"यंदा नको, बाबा."

"का?"

"यंदा गरज नाही." आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

गरज नाही! ज्या पोरीने दरवर्षी ती चाकं झिजवली, ती म्हणते गरज नाही. माणसाने पुढच्या वर्षाची आशाच सोडली की तो असं बोलतो. लोक "नवीन वर्षाच्या शुभेच्छा" म्हणून गळ्यात पडत होते आणि मी मान हलवत होतो.

समोरच्या घरातले सगळे परवा गेले. कुणाला काही बोलले नाहीत, सकाळी बघतो तर दाराला फळी ठोकलेली. आमच्याकडची रीतच ती. विमानात बसेपर्यंत सख्ख्या भावालाही सांगायचं नाही, नाहीतर दृष्ट लागते आणि कागद अडतात. मीच डायामीला लहानपणापासून बजावत आलोय की चांगलं काही व्हायचं असेल तर तोंड बंद. पण निदान ते धडधाकट गेले. धडधाकट माणसं कुठेही जावोत.

३ जानेवारी

आज जुना बोर्ड बाहेर काढला. मी काढला. डायामी मागे हात बांधून उभी होती.

मोठी वायर निघेना. ओढली तर सगळी पेटीच हलली. "ओढू नकोस, खटका दाब!" डायामी ओरडली. "बघ, हिला कानापाशी खटका आहे. दाबल्याशिवाय ही सुटत नाही. प्रोसेसरजवळची ही छोटी, तिलाही तसाच. या दोन कधी आपोआप पडत नाहीत, लक्षात ठेव. ही छोटी राहिली तर पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. लोक तेव्हा उगाच नवीन बोर्ड घेऊन येतात."

मग स्क्रू. मग तो हिरवा बोर्ड माझ्या दोन्ही हातांत आला. इतका हलका! याला मी एवढा भीत होतो? मग लक्षात आलं की पेटीत बोर्ड टेकवायच्या पितळी खुंट्या आहेत आणि त्यातली एक चुकीच्या जागी राहिली तर नवा बोर्डही जळतो. लगेच परत भ्यालो.

"ती काढ आणि तिथे लाव," डायामी म्हणाली.

"तू लाव ना गं. तुझा हात हलका आहे."

"नाही."

"एवढी काय निष्ठुर झालीस?"

ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता. नळाला आज पाणीच नव्हतं हे मला आत्ता लिहिताना आठवलं. बादलीतून ओतत होती वाटतं.

खुंटी मी लावली.

४ जानेवारी

कुका पेरूची वडी आणि चीज घेऊन आली. कुका कधी काही घेऊन येत नाही. ती घेऊन जाते. मशीनच्या उघड्या पेटीकडे बघत म्हणाली, "चांगलं करते पोर. शिकवून ठेवते."

"कुका, तुला माहितीये?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. "मला विचारू नकोस. बोललं की फिसकटतं."

"म्हणजे... अजून बरं व्हायची आशा आहे?"

"बरंच होणार, मुला. सगळं बरं होणार. तू फक्त रडून तिचा पाय अडकवू नकोस."

ती गेल्यावर मी वडीचा तुकडा तोंडात घेऊन बसलो, तो विरघळेपर्यंत. कुकाला सांगितलं आणि मला नाही. मी एवढा भित्रा आहे की माझ्या पोरीला मरताना माझी काळजी करावी लागते.

६ जानेवारी

आज लिहिलंच पाहिजे.

सकाळी प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, उचलून नव्या बोर्डावर ठेवायचा होता. बिस्किटाएवढा चौकोन. एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण आहे, तो बोर्डावरच्या त्रिकोणाला जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. त्यावर लावायची राखाडी पेस्ट निवाल्दोने सरबताच्या स्ट्रॉच्या तुकड्यात भरून दोन्ही टोकं वितळवून दिली होती. मी चौकोन दोन बोटांत धरला आणि माझा हात असा कापायला लागला की तो निसटून टेबलावर पडला.

"बाबा!"

"बघितलंस? मला जमत नाही! तू कर."

"मी नाही करणार."

"का नाही? तू असताना मी का करायचं?"

"आणि मी नसताना?" ती ओरडली. "मी नसताना कोण करणार आहे? लाइट अशीच येणार, असंच जळणार, आणि तू रस्त्यावर पळत सुटणार!"

मी खाली वाकलो, तो चौकोन उचलला, आणि इतके दिवस छातीत धरलेलं ते तोंडातून निघूनच गेलं. "कुठल्या हॉस्पिटलात जातेस?"

"काय?"

"हवानाला. कुठल्या हॉस्पिटलात? आईला होतं तेच आहे का? पोटातलं? मला सगळं कळलंय, डायामी. सायकल दिलीस, थंडी वाजते, कपड्यांत अंग मावेनासं... म्हणजे अंगात कपडे राहीनात. सुटकेस नको म्हणालीस. आईनेही मला राजमा शिकवला होता. मला राजमा येतो, मला मदरबोर्ड नको, मला तू पाहिजेस."

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंड उघडं. मग खुर्चीवर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"बाबा, मी मरत नाहीये रे. मी जातेय."

"कुठे?"

"स्पेनला. आईच्या आजोबांच्या कागदांवर. पासपोर्ट आलाय. बारा तारखेचं तिकीट आहे. सांगणार होते. शपथ, आज सांगणारच होते. पण तूच म्हणतोस ना, तोंडातून काढलं की फिसकटतं."

मी काय केलं असेन? मी नाचलो. खरंच नाचलो, प्रोसेसर हातात घेऊन. तिला उचलायला गेलो, पाठीत कळ आली. "जिवंत आहेस! धडधाकट आहेस! स्वेटर त्यासाठी आहे!" ओसरीवर जाऊन ओरडलो, "कुका, ती मरत नाहीये!" कुका म्हणाली, "मरतेय असं कोण म्हणालं होतं, बावळटा?"

डायामी दारात उभी होती. ती जरा दुखावल्यासारखी वाटली. "मी चालले, आणि तुला एवढा आनंद झाला?"

मग आत येऊन मी त्रिकोणाला त्रिकोण जुळवला आणि चौकोन ठेवला. हात अजिबात कापला नाही.

७ जानेवारी

आज सकाळी उठलो आणि कळलं ती काय म्हणाली होती.

९ जानेवारी

काल काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं, भीती वाटते. मेली नाही, पण या घरात तर नसणार. विमान समुद्रावरून जाणार. सगळा समुद्र. मी आयुष्यात विमानात बसलो नाही, आणि ज्यात मी बसलो नाही ते पडतंच अशी माझी खात्री आहे. डायामीला सांगितलं तर म्हणाली, "सायकलवरून पडतात तेवढी माणसं विमानातून पडत नाहीत." मी म्हणालो, "म्हणून सायकलही दिलीस ना?" ती हसली नाही.

आज सगळं जोडलं. माझे फोटो समोर लावून एकेक वायर. सगळ्यात वाईट त्या बटणाच्या बारक्या वायरी, त्यांना बोटंच पुरत नाहीत. चिमट्याने लावल्या. डायामी फक्त एकदा बोलली, "उलटी." खटक्याच्या वायरींचा 'टक' असा आवाज आल्याशिवाय सोडल्या नाहीत.

मग लाइटची वाट. लाइट आली तेव्हा गल्लीत ओरडा झाला, पण आम्ही दोघं हललो नाही. फ्रिज घुरघुरला, गप्प झाला, परत घुरघुरला. "लाव," ती म्हणाली. मी डोळे मिटून प्लग लावला, डोळे मिटूनच बटण दाबलं.

पंखा फिरला. एक छोटी शिट्टी वाजली.

"एकच शिट्टी म्हणजे सगळं ठीक," डायामी म्हणाली. "डोळे उघड."

फडताळ शाबूत होतं. सगळ्या पोरी, सगळे झगे. डायामी गुलाबी झग्यात, आणि मागे सोयला, दात दाखवत, वाऱ्याने केस तोंडावर. आम्ही तिघं बराच वेळ तसेच बसलो.

नंतर डायामीने मशीनला कॅमेरा जोडून दाखवला. माझा फोन बटणांचा, त्यात चेहरा दिसत नाही. "मी पोचले की यावरच फोन करेन. मशीन चालू ठेव." म्हणजे आता हे बंद पडलं तर ती पोचली की नाही हेच मला दिसणार नाही. अजून एक भीती हातात दिली पोरीने.

१२ जानेवारी

सकाळी कॉफी गाळत होतो तर डायामी टेबलाखाली वाकलेली. पत्रा उघडा.

"काय करतेस?"

"धूळ पुसतेय."

जायच्या दिवशी धूळ पुसते! आईसारखीच, घर चकाचक करून निघणार.

गाडी आली. हवानापर्यंत गाडीत जागा एकच होती, आणि तिनेही मला विमानतळावर नको म्हटलं. सुटकेस मी उचलून ठेवली. तीच, गल्लीत फिरणारी. इतकी वर्षं रिकामी ओढली, आज भरलेली होती. कुका रडत होती आणि मला म्हणत होती, रडू नकोस. डायामीने मला इतकं घट्ट धरलं की खिशातला चष्मा मोडला. कानाशी म्हणाली, "भिऊ नकोस रे, बाबा." मी म्हणालो, "मी कुठे भितोय?" आणि तिची बाही सोडली नाही.

दुपारभर लाइट नव्हती. घरात कुठे बसावं कळेना. विमान संध्याकाळचं. संध्याकाळ झाली, लाइट आली, फ्रिज स्थिरावू दिला, प्लग लावला, बटण दाबलं.

पंखे फिरले. शिट्टी नाही. पडदा काळा.

विमान वर गेलं असणार, आणि हे मेलं. निवाल्दोकडे पळावं म्हणून दारापर्यंत गेलो, आणि दारात थांबलो. ती म्हणाली होती, तू रस्त्यावर पळत सुटणार.

परत आलो. प्लग काढला. बटण दाबून धरलं. लोखंडाला हात लावला. पत्रा काढला आणि माझे फोटो समोर ठेवून एकेक वायर बघायला लागलो. मोठी, ठीक. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, परत लावल्या. बारक्या वायरी, ठीक. डिस्क, ठीक. पितळी खुंट्यांवरचे स्क्रू टॉर्चने मोजले. स्वतःशी मोठ्याने बोलत होतो, शिव्याही देत होतो, त्यात निवाल्दोला आणि वीज मंडळालाही दिल्या. आणि मग प्रोसेसरजवळची ती छोटी. तिचं तोंड जागेला टेकलेलं होतं, पण आत नव्हतं. दाबली. 'टक'.

बटण. पंखा. एक शिट्टी.

मी खुर्चीत बसलो, आणि तिथेच झोप लागली असावी.

१३ जानेवारी

मशीन वाजल्याने जाग आली. उजाडलं होतं. पडद्यावर डायामी, तो स्वेटर घातलेली, मागे काचेच्या मोठ्या भिंती, तोंडातून वाफ.

"पोचले, बाबा!"

मी आपला पडद्यावर हात ठेवला.

"काल काय केलंस दिवसभर?" तिने विचारलं.

"अगं, हे बंद पडलं होतं! तू गेलीस आणि हे बंद. मी एकट्याने दुरुस्त केलं."

"प्रोसेसरजवळची छोटी, ना?"

मी अजून काही सांगितलंच नव्हतं! इतक्या लांबून, मशीन न बघता ओळखलं. याला म्हणतात हुशारी. निवाल्दोला सांगितलं पाहिजे. तिला मी म्हणालोही, "ती वायर खटका दाबल्याशिवाय सुटत नाही, मग सुटली कशी? बहुतेक मीच नीट लावली नव्हती."

"बहुतेक," ती म्हणाली. मग विचारलं, "विमानाची भीती वाटली का रे?"

मी आठवून बघितलं. संध्याकाळपासून झोप लागेपर्यंत. "विसरलोच गं," मी म्हणालो. मला स्वतःचीच लाज वाटली. पोर समुद्रावरून चाललेली आणि बाप वायरी बघत बसलेला.

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं थंडीमुळे. मग चित्र थिजलं आणि लाइट गेली. मी उठून आधी प्लग काढला.

घर इतकं गप्प आहे की फळीमागची पाल ऐकू येते. डायामीची खोली उघडली नाही. म्हटलं भात तरी लावावा, कोळशावर. तांदळाचा डबा उघडला आणि डोकंच फिरलं. सगळा काळा राजमा आत! तळापासून कालवलेला. कुका काल निरोप द्यायला आली तेव्हा स्वयंपाकघरात शिरली होती, तिचंच काम. आता तिचे डोळे तपासून आणायलाच हवेत.

डबा टेबलावर उलटा केला आणि वेचायला बसलो. दुपार कशी गेली कळलं नाही.